बेरिलचा कापलेला प्रसंग

लिनेटने चित्र थांबवलं तेव्हा पडद्यावर तिच्या आईचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. विशीतली बेरिल. डोक्याला गिरणीतल्या बायका बांधतात तसा रुमाल, हातात चहाचा मग, आणि डोळे समोरच्या नटाकडे न लागता थेट कॅमेऱ्यात. लिनेटने रिमोट मांडीवर ठेवला. मग पुन्हा उचलला आणि प्रसंग पहिल्यापासून लावला, कारण एकदाच पाहून मत बनवायचं नाही हा तिचा इतक्या वर्षांचा नेम होता.

दुसऱ्यांदा तो अधिकच वाईट वाटला.

जुन्या-नव्या चित्रपटांच्या डिस्क घरी पाहायला निघतात, त्यांची परीक्षणं ती एका मासिकात लिहायची. चित्र किती स्वच्छ झालं, आवाजाची खरखर गेली का, सोबत काय काय दिलंय, घ्यावी की न घ्यावी. मँचेस्टरमधल्या तिच्या लहानशा घरात पुस्तकांपेक्षा डिस्कच जास्त होत्या. पण आताची ही डिस्क तिने पाकीट फाडून बाहेर काढली आणि हातातलं बाकीचं काम तसंच बाजूला सारलं. ‘ओल्या विटा’. साठीच्या दशकातला, आईच्या गावच्या, ॲक्रिंग्टनच्या, गल्ल्यांमध्ये आणि तिथल्याच एका गिरणीत चित्रित झालेला काळा-पांढरा चित्रपट. ब्रिस्टलच्या एका छोट्या कंपनीने तो नव्याने साफसूफ करून काढला होता आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं होतं : कापलेले प्रसंग प्रथमच.

त्या चित्रपटात आईने काम केलं होतं, हे लिनेटला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. दिग्दर्शक जेराल्ड फेनने गिरणीतल्या शंभरेक पोरींमधून बेरिलला निवडलं, तिला चांगला लांबलचक प्रसंग दिला, संवाद दिले. पुढच्या वर्षी चित्रपट गावात लागला तेव्हा अख्खी गल्ली नटूनथटून गेली, आणि पडद्यावर बेरिल आलीच नाही. गिरणीच्या उपाहारगृहातल्या एका दृश्यात नायकाच्या खांद्यामागे एक कोपर दिसलं न दिसलं, तेवढीच ती. घरात त्याची थट्टा व्हायची. टीव्हीवर ‘ओल्या विटा’ लागला की पोरं ओरडायची, “आलं, आलं, आईचं कोपर आलं!” आणि बेरिलही हसायची. फक्त वडील, नॉर्मन, त्या सुमारास उठून मागच्या अंगणात कबुतरांच्या खुराड्याकडे जायचे. कबुतरांना तेव्हाच दाणे का लागतात, असा प्रश्न लहानपणी लिनेटला पडला नव्हता.

आणि आता ते कोपर सोडून बाकीची सगळी बेरिल समोर होती. प्रसंग साधा होता. मुलगी नायकाला सांगते की मी बहिणीबरोबर कॅनडाला चालले, तू येणार नसशील तर हा निरोपच समज. बेरिल हे सगळं रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात सांगत होती. गिरणीतले सगळेच ‘ह’ गिळून बोलायचे; जन्मभर जिच्या तोंडून ‘ह’चा नीट उच्चार कोणी ऐकला नव्हता, ती एकेक ‘ह’ फुंकर घालून बाहेर काढत होती. नायक बोलत असताना तिचे ओठ त्याचे संवाद पुटपुटत होते, म्हणजे आपली पाळी चुकायला नको. मोकळा हात शाळेत उंची मोजायला उभं राहिल्यासारखा अंगाला चिकटलेला. शेवटी रडायचं होतं, तेव्हा तिने कोरडा ठक्क डोळा पुसला आणि झालं का, असं विचारल्यासारखं कॅमेऱ्याकडे पाहिलं.

लिनेटने टीव्ही बंद केला आणि खिडकी उघडली. फोन वाजला तेव्हा कोणाचा असणार हे तिला माहीत होतं.

“आली का गं ती तबकडी?” बेरिलने विचारलं. शेजारच्या मेव्हिसच्या नातवाने कुठेतरी जाहिरात वाचली होती, तेव्हापासून तिचा रोज फोन येत होता.

“आली.”

“मग? आहे का मी?”

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. तो प्रसंग सापडलाच नाही म्हणावं, फिल्म सडून गेली म्हणावं. सगळी वाक्यं लिनेटच्या जिभेवर तयार होती. पण मेव्हिसचा नातू दुकानात गेला की खोटं उघडं पडणार होतं.

“आहेस,” ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“बोलते मी त्यात?”

“बोलतेस. सगळं आहे.”

“अगं बाई.” मग एकदम घाईने, “रविवारी घेऊन ये. आणि हे बघ, कोणाला सांगू नकोस. मेव्हिसला तर मुळीच नाही. ती आली की अर्धी गल्ली मागून येते.”

“बरी आहे का मी, असं नाही विचारलंस?”

“ते मी बघीन ना माझ्या डोळ्यांनी,” बेरिल म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी गाडी चालवताना लिनेट वाक्यं जुळवत होती. तिच्या धंद्यात अशा वाक्यांची कमतरता नसते. अभिनय वाईट असला की त्याला प्रामाणिक म्हणायचं, चित्रपट कंटाळवाणा असला की संयत म्हणायचं. त्या काळी पद्धतच तशी होती, असं आईला सांगता आलं असतं. त्या फेनने नवख्या पोरीला नीट समजावलंच नाही, हेही चाललं असतं. म्हाताऱ्या बाईने उभ्या आयुष्यात एक सुंदर गोष्ट जपली होती : मी चांगलं केलं होतं, पण कापलं गेलं. ती गोष्ट आपण गाडीत घालून मोडायला निघालोय, असं लिनेटला वाटत होतं. एका वळणावर तर परत फिरावं असंही मनात आलं.

बेरिलने केस सेट करून घेतले होते. अंगात निळा कार्डिगन स्वेटर, गळ्यात मोत्यांची माळ. ओव्हनमध्ये मटण-बटाट्याचं हॉटपॉट लावलेलं होतं आणि टेबलावर लोणच्यातल्या लाल कोबीची बरणी. टीव्हीसमोरच्या दोन खुर्च्या पुसून, पुढे ओढून ठेवल्या होत्या.

“आधी जेवूया का?” लिनेट म्हणाली.

“आधी लाव.”

“गरम आहे तोवर—”

“लिनेट, मी साठ वर्षं थांबलेय. लाव म्हणते ना!”

लिनेटने लावली. ती स्वतः पडद्याकडे पाहत नव्हती, आईकडे पाहत होती. बेरिल पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिला संवाद आला तसा तिचा चष्मा किंचित खाली घसरला आणि तिने तो वर केला नाही. प्रसंग संपला. पडदा काळा झाला.

“परत लाव,” बेरिल म्हणाली.

दुसऱ्यांदा ती आणखी पुढे सरकली. रडण्याच्या जागी तिने मान थोडी तिरपी केली. तिसऱ्यांदाही लाव म्हणाली. लिनेटला आता धीर धरवेना.

“हे बघ, त्या काळी सगळेच जरा असं—”

“थांब.”

तिसऱ्यांदा प्रसंग संपला तेव्हा बेरिलने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलायला लागले. लिनेट उठली, खुर्चीच्या हातावर बसून तिने आईला जवळ घेतलं आणि मग तिच्या लक्षात आलं की म्हातारी रडत नाहीये. ती हसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“काय भयानक आहे गं हे!” बेरिल म्हणाली. “देवा रे. आणि तो आवाज! राणीसाहेबांची थोरली बहीण!”

“इतकं काही—”

“आणि डोळा पुसला तो? कोरडा डोळा? अगं, पाहिलंस ना?”

लिनेटलाही हसू फुटलं. तीन दिवस अडकून राहिलेलं हसू. दोघी एकमेकींना धरून हसल्या. मग बेरिलने एकदम तिचं मनगट पकडलं.

“तू या धंद्यातली आहेस,” ती म्हणाली. आता तिच्या आवाजात हसणं नव्हतं. “मला मुलगी म्हणून सांगू नकोस. खरं सांग. असला प्रसंग कोणी चित्रपटात ठेवला असता का?”

गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं लिनेटला आठवली. त्यातलं एक तिने उचललंही. पण आईची बोटं मनगटात रुतली होती, आणि ती असं पाहत होती की जणू डॉक्टर तपासणीचा निकाल वाचायला उभे आहेत.

“नाही,” लिनेट म्हणाली.

“नक्की?”

“कोणीच ठेवला नसता. मी तिथे असते तर चित्रीकरणच थांबवलं असतं.”

बेरिलने मनगट सोडलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने एवढा लांब श्वास सोडला की कार्डिगनची बटणं हलली.

“म्हणजे त्याने नाही केलं,” ती म्हणाली.

“कोणी?”

“तुझ्या बापाने.”

ओव्हनमधून वास यायला लागला होता, पण दोघींपैकी कोणी उठलं नाही. बेरिल पडद्याकडे पाहत बोलली.

“ती सिनेमाची माणसं लंडनला परत निघायची होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी नॉर्मन चर्चला जायचा सूट घालून रेल्वे हॉटेलात गेला. मला आयरीनने सांगितलं. ती तिथे वाढायला होती. त्या फेनसमोर बसला होता म्हणे, टोपी मांडीवर घेऊन. कितीतरी वेळ. आणि नंतर मला एक अक्षर बोलला नाही. आधीपासून त्याच्या मनात नव्हतंच ना मी सिनेमात काम करावं! लोक काय म्हणतील, लंडनची माणसं कशी असतात, हे सगळं ऐकवून झालं होतं. मग आमचं लग्न झालं. मग सिनेमा आला, तो असा.”

“त्यांना विचारलं नाहीस?”

“काय विचारू? माझं कापून आलास का? आणि हो म्हणाला असता तर? तू पोटात होतीस. जाणार होते कुठे मी?”

लिनेटने रिमोट बाजूला ठेवला.

“वाईट नव्हता गं तो. कधी हात उगारला नाही, पगार दारूत घालवला नाही. पण भांडण झालं की मला आतून वाटायचं, तुझं एक पाप माझ्याकडे जमा आहे बरं का, नॉर्मन. कधी काढलं नाही मी ते. नुसतं ठेवून दिलं. आणि तो सिनेमा लागला की उठून कबुतरांकडे जायचा तेव्हा म्हणायचे, बघा, खातंय मन. शेवटच्या आजारात एकदा अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, मरणाऱ्या माणसाला कशाला खोटं बोलायला लावायचं.”

तिने मोत्यांची माळ एका बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली.

“चांगली असेन मी, असंच वाटायचं मला. फेन म्हणाला होता, मस्त. प्रत्येक वेळी मस्त म्हणाला.”

“ते सगळेच म्हणतात,” लिनेट म्हणाली. “पुढचं चित्रीकरण उरकायचं असतं ना.”

“मेल्याने तेव्हाच सांगितलं असतं तर!” बेरिल म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. उलट गालांवर रंग आला होता. वडील गेल्यानंतर, किंबहुना त्याच्याही कितीतरी आधीपासून, आईच्या कपाळावर जी एक आठी होती ती लिनेटला जन्माचीच वाटत आली होती. आत्ता तिथे नुसत्या म्हातारपणाच्या मऊ सुरकुत्या होत्या.

मग दोघी जेवायला बसल्या. बेरिलने दोनदा वाढून घेतलं, हे काही तिच्या रोजच्या खाण्यातलं नव्हतं.

“पण मग बाबा गेले कशाला होते हॉटेलात?” लिनेटने विचारलं.

बेरिलने काटा ताटात ठेवला.

“माझ्या प्रसंगाच्या दिवशी तो तिथेच होता,” ती म्हणाली. “मागांवर जॉबर होता ना तो, कामगारांवरचा मुकादम, म्हणून उपाहारगृहात मागे उभं राहू दिलं होतं. म्हणजे मी काय दिवे लावले ते त्याने बघितलं असणार. सगळं बघितलं असणार. घरी येताना म्हणाला होता, छान केलंस. आणि गप्प.”

लिनेटच्या मनात एक गोष्ट आली. ती बोलावी की नाही, हे ठरत नव्हतं, म्हणून तिने कोबीची बरणी पुढे ओढली. पण आई तिच्या आधीच तिथे पोचली होती.

“मला ठेवा म्हणून गयावया करायला गेला असेल,” बेरिल सावकाश म्हणाली. “किंवा काढा म्हणून. अगं, ही गल्ली! मेव्हिसची आई, त्या क्रॅबट्री बहिणी! त्यांनी तो डोळा पुसलेला पाहिला असता तर मला मरेपर्यंत फाडून खाल्लं असतं. पुढे माझी पोरं शाळेत गेली की त्यांनाही तिथे. नॉर्मनला हे दिसलं असेल. त्याला असलं आधी दिसायचं.”

“म्हणजे त्यांनीच—”

“असेल नाहीतर नसेल.” बेरिलने खांदे उडवले. “आता कसंही असलं तरी चालतंय मला. समजतंय का तुला? कसंही.”

एवढं बोलून ती उठली, खिडकीपाशी गेली आणि मागच्या अंगणाकडे पाहत उभी राहिली. खुराडं केव्हाच विकून टाकलं होतं, तिथे आता वाटाण्याचे वेल होते. ती पाठमोरी असताना लिनेटने ताटं उचलली आणि नळ सोडला, म्हणजे आईला हवं असलं तर रडता यावं. पण बेरिल रडली नाही. थोड्या वेळाने ती येऊन शेजारी उभी राहिली आणि तिने पुसायला फडकं घेतलं.

“तू यावर लिहिणार ना?” तिने विचारलं.

“डिस्कवर लिहावंच लागेल. त्या प्रसंगाबद्दल गप्प राहीन. तुझं नाव कुठेच छापलेलं नाही, स्थानिक मुलगी एवढंच आहे. कोणाला कळायचं नाही.”

“गप्प कशाला? लिही.”

“काय लिहू?”

“मघाशी म्हणालीस ते. सरळ. आणि ते तुमचं गुळमुळीत नको हं, ‘प्रामाणिक’ बिमाणिक. मी वाचते सगळं तुझं.” तिने ताट उजेडात धरून पाहिलं. “छापलेलं मला पाहिजे.”

सोमवारी सकाळी लिनेटने परीक्षण पाठवलं. चित्र किती लख्ख निघालंय, पावसात भिजलेल्या विटांच्या भिंतींवरचा पांढरा उजेड आता कसा वेगवेगळ्या छटांत दिसतो, मुलाखती किती रटाळ आहेत, हे सगळं त्यात होतं. शेवटच्या परिच्छेदात तिने कापलेल्या प्रसंगांकडे मोर्चा वळवला. उपाहारगृहातला प्रसंग, तिने लिहिलं होतं, इतका असह्य आहे की तो कापण्यामागे कोणाचा काही डाव असेल अशी शंकाही मनात आणू नये; कोणत्याही शहाण्या माणसाने, त्या मुलीवर जीव असलेल्या माणसाने तर आधी, तो कापूनच टाकला असता.

दुपारी संपादकाचा फोन आला. डंकन हा मवाळ माणूस होता, लोकांना दुखावणं त्याच्या जिवावर यायचं.

“पान छान झालंय,” तो म्हणाला. “फक्त तो शेवटचा परिच्छेद. तू एवढी कडक कधी लिहीत नाहीस गं. आणि हे ‘डाव’ वगैरे काय आहे? ते काढू का?”

“नको. एक शब्द काढू नकोस.”

“अगं पण, ती गिरणीतली कोणी साधी पोरगी. आज ऐंशीच्या घरात असेल, कुठेतरी जिवंत असेल. उद्या तिच्या हातात हे मासिक पडलं तर?”

लिनेटने खुर्ची खिडकीकडे फिरवली.

“पडेलच,” ती म्हणाली. “तिला फार बरं वाटेल, डंकन.”